पार्किन्सन्सच्या पेशंटची रात्र कोणी विचारतच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक झोप दिनाच्या निमित्ताने आपल्या आरोग्य पुरवणीत चांगल्या झोपेवर लेख आला होता, मोबाइल लांब ठेवा, संध्याकाळनंतर चहा नको, ठरल्या वेळी आडवं व्हा वगैरे. सगळं बरोबरच आहे, पण ज्या घरात मेंदूच्या आजाराचा पेशंट आहे तिथे एवढ्याने काही भागत नाही, तिथे झोप सवयीमुळे नाही तर आजारामुळेच जाते, आणि त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. माझ्या मिस्टरांना पार्किन्सन्स आहे. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत.

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना हात थरथरणं तेवढं माहीत. आमच्याकडे मात्र हा आजार आधी झोपेत दिसला. हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधीपासून हे झोपेत ओरडायचे, शिव्या द्यायचे (जागेपणी यांच्या तोंडून वावगा शब्द मी कधी ऐकला नाही) आणि उजवा पाय असा दणकन दाबायचे की पलंगाची पायाकडची फळी सुटली, हलवून उठवलं तर म्हणायचे गाडीपुढे म्हैस आली, ब्रेक मारत होतो. एकदा हात फिरवला तो माझ्या गालावर बसला, दुसऱ्या दिवशी मंडईत गेले तर ओळखीच्या बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते मी विसरणार नाही. सासूबाईंनी उतारा काढून टाकला, कोणी म्हणालं ड्युटीचं टेन्शन आहे, कोणी म्हणालं पोट साफ नाही. पोट खरंच साफ होत नव्हतं आणि वासही येत नव्हता, फोडणी करपली तरी शेजारच्या खोलीत यांना पत्ता नसायचा, आणि ही तिन्ही लक्षणं एकाच आजाराची असू शकतात हे आम्हाला कळायला फार वर्षं गेली.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं ते असं की स्वप्न पडत असताना मेंदू आपल्या हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवतो, म्हणून स्वप्नात आपण धावतो पण अंथरुणात गप्प पडून असतो. या स्वप्नांच्या झोपेला रेम झोप म्हणतात आणि ती पहाटेकडे जास्त असते, म्हणून हे प्रकारही बहुतेक मध्यरात्रीनंतरच होतात. मेंदूतली ही बंद ठेवायची व्यवस्थाच बिघडली की माणूस स्वप्नात जे करतोय ते अंथरुणात करायला लागतो. त्याचं नाव रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर, अमेरिकेत मिनेसोटातल्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये तो पहिल्यांदा नीट मांडला. उतारवयात हा त्रास आपसूक सुरू झालेल्यांपैकी बहुतेकांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्स किंवा त्याच जातीचा दुसरा आजार होतो. झोपेत ओरडणाऱ्या प्रत्येकाला हेच असतं असं नाही, घोरताना श्वास अडकणाऱ्यांनाही असं होतं, फिट्सचाही प्रकार असू शकतो, काही डिप्रेशनच्या गोळ्यांनीही होतं, म्हणून तर दाखवायला पाहिजे. मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवला तरी त्यांना बराच अंदाज येतो, पक्कं निदान मात्र रात्रभर वायरी लावून झोपेची टेस्ट करतात त्यातच होतं.

आणि ही झाली एक तऱ्हा. आजार वाढला की रात्रीचे हाल वेगळेच. लेवोडोपा हे या आजाराचं मुख्य औषध, त्याच्या साध्या गोळीचा असर काही तासच टिकतो, रात्री आठला घेतली की दोन वाजेपर्यंत अंग लाकडासारखं होतं, या कुशीवरून त्या कुशीवर वळता येत नाही, तहान लागली तरी हात तांब्यापर्यंत जात नाही. लघवीला चार-चार वेळा उठायचं, उठताना बीपी खाली येऊन चक्कर, पहाटे पायाची बोटं आपोआप आत वळून असे गोळे येतात की एवढा धट्टाकट्टा माणूस रडतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर पहिल्यांदा लिहिलं त्यातसुद्धा झोप मोडते, थरथरीने पेशंट जागा होतो हे आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय आणि आज ओपीडीत डॉक्टर हात पुढे करायला सांगतात, चालून दाखवा म्हणतात, बोटं टॅप करायला लावतात आणि पुढचा नंबर बोलवतात. रात्र कशी जाते हे आम्हाला कितीतरी वर्षं कोणी विचारलंच नाही. गर्दी असते, मान्य आहे, पण एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो पेशंटला नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारायचा, कारण झोपेतलं ओरडणं-मारणं पेशंटला सकाळी बहुतेक आठवत नाही.

आम्हाला शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं त्यांनी नवीन असं फार काही दिलंच नाही, आधी गोळ्यांच्या वेळा बघितल्या. अमान्टाडीन या पार्किन्सन्सच्याच औषधाची दुसरी गोळी आम्ही रात्री जेवणानंतर देत होतो कारण चिठ्ठीवर दिवसातून दोनदा एवढंच लिहिलेलं, ती झोप उडवते म्हणून सकाळी आणि दुपारी केली. झोपताना लेवोडोपाची हळूहळू विरघळणारी गोळी दिली. स्वप्नातल्या मारामारीसाठी मेलाटोनिन (शरीरात झोपेसाठी तयार होणारं हार्मोन, ते गोळीतून), त्याने बराच फरक पडला. मी माझ्या परीने पलंग काढून जमिनीवर जाड गादी घातली, कोपऱ्याचं टेबल आणि पितळी समई दुसऱ्या खोलीत नेली, दोघांच्या मध्ये लोड ठेवला, बाथरूमपर्यंत छोटा दिवा रात्रभर चालू. पुढे जमिनीवरून उठणं जमेना तेव्हा परत कमी उंचीचा पलंग आणला आणि कमरेखाली सॅटिनचं कापड घातलं, त्यावरून अंग सरकतं आणि वळायला सोपं जातं. हे कापडाचं मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, तिचे उपकार आहेत.

एक गोष्ट कळकळीने सांगते, मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका. क्लोनाझेपाम नावाची गुंगीची गोळी झोपेतल्या मारामारीवर डॉक्टर देतातही, पण त्याने तोल जाऊन पडण्याची भीती असते, घोरणाऱ्यांचा श्वास आणखी अडकू शकतो, तो हिशोब त्यांनी करायचा, मेडिकलवाल्याने नाही. सर्दीची गोळी दे, छान झोप लागते असं शेजारी सांगतात, या वयात त्याने भ्रम होतो, लघवी तुंबते. दिवसा बसल्या जागी डोळा लागतो त्याला घरचे आळशी म्हणतात, तो आळस नसतो, एक तर रात्र गेलेली असते आणि प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा पार्किन्सन्सच्याच काही गोळ्यांनी तर बोलता बोलता झोप येते. ज्या माणसाने आयुष्यभर घाटात गाडी चालवली त्याला स्कूटरची किल्ली ठेवून दे म्हणणं सोपं नव्हतं, पण म्हणावं लागलं.

पेशंट जागा तर सांभाळणाराही जागा. आमच्या पिढीतल्या बायका मार लागला तरी सांगत नाहीत, घरातली गोष्ट बाहेर कशाला म्हणतात. अहो, नवरा झोपेत मारतो याचा अर्थ तो वाईट आहे असा होत नाही, तो आजारी आहे, सांगा डॉक्टरांना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट आहे, सर्टिफिकेट मिळू शकतं, पण ते तपासतानाही सगळा भर चालण्याफिरण्यावर, रात्र कुठे मोजतात?

आपल्याला विनंती एवढीच की ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन येतो, तेव्हा पुरवणीत थरथरणाऱ्या हाताचा फोटो टाकण्यापेक्षा एखाद्या न्यूरोलॉजिस्टला रात्रीबद्दल लिहायला सांगा, साध्या मराठीत, गोळ्यांच्या वेळांसकट. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा पेशंट आणि त्यांच्या घरच्यांचा गट चांगलं काम करतो, आमच्या मिरज-सांगलीकडच्या घरांनीही महिन्यातून एकदा एकत्र बसावं असं फार वाटतं. जागा म्हणून आमचा हॉल आहे, खाली तळमजल्यावर, पायऱ्या नाहीत. माझा नंबर पत्रासोबत दिलाय, तो छापू नका पण कोणी विचारलं तर जरूर द्या.

आपली नियमित वाचक,
मिरज