मेसचं मेडिकल आणि पित्तातले खडे

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात टायफॉईडचे पेशंट वाढले की बोट पाणीपुरीच्या गाड्याकडे नाहीतर पंचगंगेकडे जातं. जावं. पण मी राजारामपुरीत मेस चालवते, म्हणून आणखी एका जागेबद्दल लिहिते: स्वयंपाक करणाऱ्याची पित्ताची पिशवी.

गेल्या वर्षी माझी ती पिशवी काढली. खडे डबीत घालून हातात दिले. मुलगी शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिने डबी बघताच विचारलं, "आई, तुला लहानपणी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, आला होता ना? मग हे कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, का नाही पाठवले?" तिने सांगितलेलं निम्मं मला नवीन होतं.

ताप उतरला तरी शंभरातल्या दोन-चार जणांच्या अंगात टायफॉईडचा जंतू वर्षानुवर्षं मुक्काम करतो. त्यांना काहीही होत नसतं. अशांना वाहक म्हणतात. यांतल्या बहुतेकांच्या पित्तात खडे असतात, आणि त्यात बायका जास्त. पित्तात भलेभले जंतू मरतात, हा तग धरतो. उलट पित्त असलं की कोलेस्टेरॉलच्या खड्यावर तो जास्तच घट्ट बसतो. आधी चिकटतो, मग स्वतःभोवती चिकट द्रव सोडतो, आणि त्यात थरावर थर चढतात. गच्चीवरच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो, तसाच. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत गोळ्या-इंजेक्शनं नीट पोचत नाहीत, शरीराचे पहारेकरीही नाहीत. थरातले जंतू अधूनमधून सुटून पित्ताबरोबर आतड्यात उतरतात, तिथून संडासवाटे बाहेर. हात नीट धुतले नाहीत तर कणकेत. मेक्सिको सिटीतल्या अशा वाहकांच्या खड्यांवर हे थर प्रत्यक्ष दिसले, तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

न्यूयॉर्कची मेरी मॅलन अशीच वाहक असलेली स्वयंपाकीण. १९०७ मध्ये तिला पकडून बेटावर ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. पोटासाठी ती पुन्हा चुलीपाशी गेली. १९१५ मध्ये परत बेटावर, आणि १९३८ मध्ये तिथेच वारली. मला तिचा राग येत नाही. स्वयंपाकाइतका पगार देणारं दुसरं काम तिला कुणी दिलं होतं?

आता आमच्याकडचं मेडिकल. अन्नसुरक्षेच्या नियमात स्वयंपाक करणाऱ्यांची वर्षाला आरोग्य तपासणी आहे, आतड्याच्या तापांविरुद्ध लसही आहे. प्रत्यक्षात माझ्या मेसमधल्या बायका एका दवाखान्यात गेल्या, छातीला नळी लावली, सही झाली, पुढची! संडासची तपासणी कुणी विचारलीसुद्धा नाही. लस चांगलीच, पण आत बसलेला जंतू ती काढत नाही. विडाल या रक्ताच्या तपासणीवरूनही वाहक कळत नाही. संडासचं कल्चरच लागतं, तेही एकापेक्षा जास्त वेळा, कारण जंतू रोज पडत नाही. मी माझं करून घेतलं, काही निघालं नाही.

सगळ्यांचं कल्चर करा असं मी म्हणत नाही, परवडणार नाही. मेडिकलच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवा: टायफॉईड झाला होता का, पित्तात खडे आहेत का. दोन्हीला 'हो' असेल तिचं कल्चर सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्यात मोफत व्हावं. आणि जंतू सापडला तर औषधोपचार, लागलं तर ऑपरेशन संपेपर्यंत तिला भांडी, हिशेब, डबे पोचवणं असं काम द्यावं. घरी बसवलं तर पुढच्या वेळी कोण खरं सांगेल? उपचार तिच्यासाठीही हवेत, कारण अशा वाहकांना पित्ताशयाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो.

– एक मेसचालक, राजारामपुरी, कोल्हापूर