त्या हिरव्या भिंतीबद्दल, बाबा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. दादाला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, त्यामुळे मोबाईल नाकाला लावून वाचत बसू नका. आणि आई, सुरुवातीला सगळं बाबांशीच बोलतेय असं वाटेल पण तुझाही भाग आहे, तो शेवटी आहे, मधलं गाळून तिकडे उडी मारू नकोस, मला कळतं.

तर परवा शनिवारी आम्ही फेनवे पार्कला, इथल्या रेड सॉक्स टीमच्या बेसबॉल मैदानावर, जाऊन आलो. बोस्टनमध्ये इतकी वर्षं काढली आणि आत पाय ठेवला तो आत्ता. बाबा, तुम्हाला आठवतंय ना २०१३? एप्रिलमध्ये इथे मॅरेथॉनला बॉम्ब फुटले होते, आई तर येऊच नको म्हणत होती, तरी जुलैत आलात. ईशान ऑगस्टमधे झाला, आईचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेगडी नाही म्हणून हेअर ड्रायरने दिलेला शेक (अजून हसते मी), आणि तुमची रात्रपाळी. रेल्वेत आयुष्यभर रात्रपाळी केलेल्या माणसाला बाळाला धरून जागायचं म्हणजे काहीच नाही असं म्हणून तुम्ही त्याला मांडीवर घ्यायचात, टीव्हीचा आवाज बंद, आणि समोर बेसबॉल. क्रिकेट लागत नव्हतं म्हणून नाईलाजाने सुरू केलंत आणि ऑक्टोबर येईपर्यंत कुणीही न शिकवता सगळे नियम स्वतःच लावून मोकळे झालात. "सगळेच फुलटॉस टाकतात, तरी मारता येत नाही म्हणजे गंमतच आहे." त्या वर्षी सगळ्या खेळाडूंनी दाढ्या वाढवल्या होत्या, तुम्ही त्यांना "आपले साधूमहाराज" म्हणायचात. आणि १३ ऑक्टोबरची ती मॅच, डेट्रॉईटविरुद्ध, आठव्या इनिंगला १-५ अशी मागे, तिन्ही बेसवर (म्हणजे पळणाऱ्यांच्या थांब्यांवर) माणसं आणि आपल्या डेव्हिड ऑर्टिझने चौघांना एकदम घरी आणलं, म्हणजे एका फटक्यात चार रन, तो कॅच घ्यायला धावलेला फिल्डर बुटक्या भिंतीवरून उलटा पलीकडे पडला आणि तिथे उभा असलेला पोलीसच दोन्ही हात वर करून नाचायला लागला. तुम्ही इतक्या जोरात "अरे वा!" केलंत की ईशान उठला, मी उठले, आणि मी तुमच्यावर खेकसले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, मनू, ती हिरवी भिंत एकदा जवळून बघायची होती गं. मी म्हटलं, बाबा तिकिटं केवढ्याला आहेत माहितीय का, आणि थंडीत तीन तास कोण बसणार, पुढच्या वेळी. तुम्ही लगेच "हो हो, पुढच्या वेळी" म्हणालात. तेव्हाच्या थकव्यात मला ते एक काम टळल्यासारखंच वाटलं. मग ३० ऑक्टोबरला ते तिथेच, त्याच मैदानावर वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची शेवटची विजेतेपदाची लढत, जिंकले, घरच्या मैदानावर १९१८ नंतर पहिल्यांदा, आणि तुम्ही आमच्या सोफ्यावर बसून पाहिलंत. चार मैलांवर होतं हो फक्त. नंतर तुमची बायपास, मग कोव्हिड, मग गुडघे, आणि आता डॉक्टर वीस तासांच्या प्रवासाला नाहीच म्हणतात. म्हणून म्हटलं, निदान जसं होतं तसं सगळं लिहून तरी पाठवावं.

ग्रीन लाईनने केनमोरला उतरायचं. मॅचच्या दिवशी ती म्हणजे आपली संध्याकाळची डोंबिवली फास्ट, फक्त सगळे लाल टोप्यांत आणि सॉरी म्हणत धक्के मारतात. बाहेर रस्त्यावर कांदा आणि सिमला मिरची परतल्याचा वास, त्यात सॉसेज, त्यामुळे आई तुला दोन्ही वाटलं असतं, भूकही आणि मळमळही. मैदान म्हणून वेगळं काही दिसतच नाही लांबून, विटांची जुनी गिरणी वाटते लालबागची. गल्लीबोळात कोंबलंय. १९१२ साली २० एप्रिलला इथे पहिली अधिकृत मॅच झाली, टायटॅनिक बुडून जेमतेम पाच दिवस झालेले.

आमचं तिकीट स्वस्तातलं होतं, त्यावर स्पष्ट छापलेलंच होतं की खांब आड येईल. आणि आलाच. माझ्या बरोब्बर समोर लोखंडी खांब, वर्षानुवर्षं रंगावर रंग मारून गुळगुळीत झालेला, कोपरे सगळे बोथट. पिचर (बॉल टाकणारा) बघायचा तर डावीकडे झुकायचं, बॅटर बघायचा तर उजवीकडे, दोघं एकदम दिसत नाहीत. आधी वैतागले, मग माझ्याच लक्षात आलं की मी त्या खांबाला धरून बसलेय, जशी लेडीज डब्यात दारातल्या दांड्याला धरून उभी राहायचे तशी. खुर्च्या लाकडी, निळ्या, १९३४ मधल्या. तेव्हाची माणसं बारीक असावीत, मंदार त्यात बसला तो मॅच संपेपर्यंत हलला नाही, हलता येत नव्हतं.

आता भिंत. बाबा, टीव्हीवर ती जशी दिसते ना, तशी नाहीये. टीव्हीवर ती नुसती मागे असते, इथे ती अंगावर येते. ३७ फूट २ इंच, म्हणजे आपली तीन मजल्यांची बिल्डिंग आणि वर गच्चीचा कठडा. ती एवढी उंच का, तर मागे लगेच लॅन्सडाऊन स्ट्रीट आहे, मैदानाला त्या बाजूला वाढायला जागाच नाही. डावीकडची सीमा फक्त ३१० फुटांवर, मग काय करणार, आडवं जाता येत नाही तर उभं गेले. (मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको.) हिरवी केली १९४७ मध्ये, त्याआधी जाहिरातीच जाहिराती होत्या. आता ऐका, दुसऱ्या मैदानावर जो साधा कॅच झाला असता तो इथे भिंतीला लागून दोन बेस देऊन जातो, आणि जो चांगला सणसणीत सपाट फटका कुठेही होमरन (आपला छक्का) झाला असता तो इथे धाडकन आपटून परत येतो. आवाज येतो, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची पेटी पडल्यासारखा, काय सांगू. दुर्बिणीतून बघितलं तर पोचेच पोचे आहेत. आणि भिंतीवर एक शिडी आहे, अगदी खेळाच्या जागेत. पूर्वी वर जाळी होती, त्यात अडकलेले बॉल काढायला माणूस चढायचा. २००३ मध्ये जाळी काढून वर खुर्च्या बसवल्या, शिडीला आता काही काम नाही, पण काढली नाही. मला ती शिडी फार आवडली. आपल्याकडे नाही का, पाटा-वरवंटा मिक्सर आल्यावरही ओट्याखाली असतो.

भिंतीच्या पायथ्याशी स्कोअरबोर्ड, अजून हाताने चालवतात. आत माणसं बसलेली असतात, चौकोनी भोकं असतात, आकड्यांच्या पाट्या सरकवतात. ईशानला हे पटेचना, तो म्हणाला हे ॲपवर आधीच दिसतंय. त्याला म्हटलं ॲपमध्ये माणूस हात बाहेर काढतो का?

आणि बाबा, खरं तर हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते हे आहे. त्या स्कोअरबोर्डावर दोन उभ्या पांढऱ्या रेघांमध्ये ठिपके आणि काड्या आहेत. मी नक्षी समजत होते. शेजारच्या बाईंनी सांगितलं की ती मोर्स आहे, तारेची लिपी. १९३३ मध्ये ज्याने टीम विकत घेतली तो मालक आणि त्याची बायको, दोघांच्या नावांची आद्याक्षरं, तीन तीन. आजूबाजूला एवढी हजारो माणसं, त्यातल्या कितींना ते वाचता येत असेल? तुम्ही तारघरात इतकी वर्षं कट्ट-कडकट्ट केलंत, तुम्हाला एका नजरेत वाचता आलं असतं आणि तुम्ही ते मोठ्याने वाचलं असतंत आणि आजूबाजूचे चार लोक वळून बघितले असते. मी तिथे बसून याचाच विचार करत राहिले, त्या इनिंगमध्ये काय झालं मला ठाऊक नाही. फोटो काढलाय, झूम करून. उत्तर मी इथे लिहीत नाहीये.

उजव्या बाजूच्या स्टँडात सगळ्या हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे. १९४६ च्या ९ जूनला टेड विल्यम्सने मारलेला बॉल तिथे पडला, ५०२ फूट, आणि पडला तो कुणाच्या तरी डोक्यावर, त्याच्या गवती टोपीला भोक पाडून. माणूस वाचला. हल्लीचे खेळाडू म्हणे ती खुर्ची बघतात आणि एवढ्या लांब शक्यच नाही म्हणतात. तुमच्या त्या "सी. के. नायडूंचा छकडा" छाप गोष्टींसारखंच आहे, पण इथे खुर्ची रंगवून ठेवलीय त्यामुळे वाद घालायला काहीतरी समोर असतं.

हे मैदानही जाणारच होतं बरं का. १९९९ मध्ये नवीन बांधायची योजना जाहीर झाली होती, लोकांनी ओरडा केला, मग नवे मालक आले आणि त्यांनी डागडुजी करायचं ठरवलं. डेट्रॉईटचं टायगर स्टेडियम अगदी फेनवेच्याच दिवशी सुरू झालेलं, जुळं भावंडच, ते १९९९ ला बंद पडलं आणि दहा वर्षांत पाडूनही झालं. ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड, जिथे १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन, मोठ्या लीगमधला आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पहिल्यांदा उतरला, ते १९६० मध्ये पाडलं, आणि पाडायच्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा पांढरा रंग देऊन त्यावर लाल टाके रंगवले होते. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे! आता तिथे बिल्डिंगी आहेत.

मोठ्या लीगमध्ये इतकं जुनं दुसरं एकच उरलंय, शिकागोचं रिग्ली फील्ड, १९१४ चं. ते मी बाहेरून पाहिलंय, तुम्हाला कधी बोलले नाही. त्याच्या आतल्या विटांच्या भिंतीवर वेल चढवलीय, १९३७ पासून (म्हणजे तुमचं ब्रेबॉर्न आणि ही वेल एकाच वयाची), बॉल पानांत अडकला की फिल्डरने दोन्ही हात वर करायचे, मग दोन बेस मिळतात. हात घालून शोधायला गेला तर खेळ चालू, पळणारा पळतोच. आणि दिवे नव्हते. १९४१ मध्ये दिव्यांचं सामान आणलं होतं, पर्ल हार्बर झालं तेव्हा मालकाने सगळं युद्धासाठी देऊन टाकलं आणि मग १९८८ पर्यंत सगळ्या मॅचेस उन्हातच. किती जणांनी आज्या मारल्या असतील ऑफिसात!

मी गेले ते २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, ऑफिसच्या कामाने. तुमच्या बायपासला तीन महिने झाले होते. शिकागोची टीम १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती आणि मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने नावं लिहीत होते. सुरुवातीला मला वाटलं खेळाडूंची. मग वाचलं. डॅड. ग्रँडपा. अमुक साल ते तमुक साल. हे बघायला जे राहिले नव्हते त्यांची. फुटपाथभर, हात पोचेल तिथपर्यंत, आणि जिथे पोचत नाही तिथेही, कारण लोक पोरांना खांद्यावर घेऊन लिहायला लावत होते. एका मुलीने स्वतःचं लिहून झाल्यावर निळा खडू माझ्यापुढे धरला. मी इतक्या झटकन नाही म्हटलं की ती बिचारी सॉरी म्हणाली. बोटांना तरी थोडा खडू लागलाच. हॉटेलवर जाऊन तुम्हाला फोन केला, तिथे पहाट होती, तुम्ही विचारलं काय गं, सगळं ठीक ना, आणि मी म्हटलं, काही नाही, सहज. ते सहज नव्हतं.

आता आई तू. शेजारच्या त्या बाई, ऐंशीच्या तरी असतील, कानामागे पेन्सिल, मांडीवर स्कोअरकार्ड. इथे अजून लोक मॅच बघता बघता स्वतः स्कोअर लिहितात. फिल्डरना नंबर असतात, पिचर १, कॅचर २, असं नऊपर्यंत, म्हणजे ६-४-३ लिहिलं की कुणी उचलून कुणाला दिला आणि मग कुणाला, सगळं आलं. बॅटरने तीनदा हुकवलं की इंग्रजी के काढायचा, आणि बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून आऊट झाला तर तोच के उलटा. मला एकदम तू दिसलीस, कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे, समोर मेथीची जुडी, ट्रान्झिस्टर लावलेला, दर ओव्हरला ठिपके, आणि गावस्कर गेला की पेन्सिल आपटून म्हणायचीस आता मी नाही लिहिणार, आणि पुढच्या बॉलला परत लिहायचीस. मी त्या बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आपटल्यावर टोक मोडतं, म्हणून मी दोन ठेवते.

मध्ये त्या उठल्या तेव्हा कार्ड त्यांनी ईशानच्या हातात दिलं, म्हणाल्या सांभाळ रे, एकही बॉल सोडू नकोस. त्याने फोन खिशात टाकला आणि जीभ बाहेर काढून लिहित बसला. खाली भुईमुगाच्या टरफलांचा खच, इथे सगळेच खाऊन खाली टाकतात, टिळकांसारखं "मी खाल्ल्या नाहीत" म्हणायची सोयच नाही. हरलो आपण. निघताना बाईंनी कार्ड ईशानलाच देऊन टाकलं.

ते पाकिटात घालून वेगळं पोस्टाने पाठवलंय, येईल दोन-तीन आठवड्यांत. सोबत भिंतीचा फोटो मोठा करून. बाबा, वरून खाली वाचायचं, फोन करून सांगा कोणती अक्षरं आहेत ती, बरोबर आली तर ईशान तुमच्याकडून शिकणार म्हणतोय. आई, सातव्या इनिंगला ईशानने कुठेतरी उलटा के सुलट काढलाय, तो शोध, आणि त्याला लगेच सांगू नकोस, जरा छळ.

गुडघ्याला तेल रोज लावताय ना?

तुमची,
मनू