आधी डिकी उघडा, मग बोनेट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुटुंबासाठी जुनी गाडी घेण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. कागदपत्रं आणि इंजिन यांबद्दलचा भाग उपयुक्त होता. इस्टेट गाडीला, म्हणजे स्टेशन वॅगनला, मात्र लेखकाने 'माल वाहणाऱ्यांची गाडी' म्हणून एका वाक्यात निकालात काढलं, ते मला पटलं नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांना ती तपासून देणं हे माझं काम आहे, आणि आमच्या घरची गाडीही जुनी इस्टेटच आहे.

सेडानचं छत मागे डिकीच्या दारापर्यंत नेलं की इस्टेट होते. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग बहुतेक वेळा सेडानचंच असतं. उंच एसयूव्हीपेक्षा तिचा भार जमिनीजवळ राहतो, त्यामुळे वळणावर ती कमी कलते, आणि वाऱ्याला कमी अडवत असल्याने इंधनही कमी पिते. माझ्या दृष्टीने सर्वात मोठी सोय वेगळीच आहे. माझी आई व्हीलचेअर वापरते. आमच्या गाडीच्या डिकीचा काठ जेमतेम माझ्या गुडघ्याच्या वर येतो. घडी केलेली खुर्ची काठावर टेकवायची आणि आत सरकवायची, एवढंच काम. हीच खुर्ची उंच गाडीत चढवताना काय होतं, ते ज्याची पाठ धरली आहे त्याला विचारा. आईलाही सीटवर बसताना चढावं लागत नाही की खाली वाकावं लागत नाही.

पण जुनी इस्टेट तपासायची पद्धत जुन्या सेडानसारखी नाही. सगळे आधी बोनेट उघडतात. मी आधी डिकी उघडते, कारण या गाडीचं आयुष्य तिच्या मागच्या भागात गेलेलं असतं.

मागचं दार वर करून सोडून द्या. ते हळूहळू खाली येत असेल तर दार तोलून धरणारे गॅसचे दांडे थकलेत. ते बदलणं सोपं आहे, पण तोवर डोक्यावर दार पडण्याचा धोका राहतो. मग बिजागरीजवळची रबराची नळी पाहा. दाराकडे जाणारी सगळी वायरिंग तिच्यातून जाते आणि दार हजारो वेळा उघडून-मिटून आतल्या तारा तुटतात. मागचा वायपर मधूनच बंद पडणं, नंबर प्लेटचा दिवा लुकलुकणं, काच तापवणाऱ्या रेषा न तापणं, दार लॉक न होणं ही सगळी दुखणी बहुधा तिथलीच. विकणारा म्हणेल, 'बल्ब गेला असेल.' त्याच्यासमोर दार वर-खाली करत दिवा पाहा.

नंतर गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. तिथे ओल, गंज किंवा कुबट वास असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं. दाराचं रबर, मागच्या दिव्यांची पॅकिंग, छतावरच्या दांड्यांचे बोल्ट, सनरूफच्या पाण्याच्या नळ्या, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच खड्ड्यात पत्र्याचे जोड पाहा. मागून ठोकर बसलेली गाडी बाहेरून कितीही चकचकीत रंगवली, तरी इथला सुरकुतलेला पत्रा आणि फासलेलं सीलंट लपत नाही.

गाडीने ट्रेलर ओढला असेल तर हुक काढल्यावरही बोल्टची भोकं आणि जादा वायर मागे राहतात. अशा गाडीचा क्लच आणि मागचं सस्पेन्शन जास्त बारकाईने बघावं लागतं. काही इस्टेटना भार पडला तरी मागची उंची राखणारी यंत्रणा असते. बीएमडब्ल्यूच्या ५ सीरिजच्या बऱ्याच टूरिंग (म्हणजे इस्टेट) गाड्यांना मागे हवेच्या रबरी पिशव्या आहेत. रबर चिरलं की रात्रभर उभी गाडी सकाळी मागे बसलेली दिसते आणि ती उचलता उचलता हवा भरणारा कॉम्प्रेसरही जातो. म्हणून गाडी पाहायला सकाळी जा, आणि तुम्ही येईपर्यंत ती सुरू करू नका असं आधीच सांगून ठेवा.

आता मुलांबद्दल, कारण इथे मला तडजोड चालत नाही. इस्टेटमध्ये सामान आणि माणसं एकाच मोकळ्या जागेत असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर सामानाचा पुढे जाणारा जोर त्याच्या वजनाच्या साधारण २० पट होतो. १५ किलोची बॅग मुलाच्या पाठीमागे ३०० किलोच्या जोराने येते. म्हणून मागच्या सीटची पाठ खिटीत पक्की अडकते का, ते दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. सामान अडवणारी जाळी किंवा सळ्यांचं कुंपण मूळ गाडीसोबत आलं असेल, तर ते विकणाऱ्याकडून मागून घ्या. ते बहुधा अडगळीत पडलेलं असतं. मुलांची सीट थेट गाडीला अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या आहेत का, आणि त्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची जागा कुठे आहे, हे आपली सीट सोबत नेऊन बसवूनच पाहावं.

जुन्या व्होल्वो आणि मर्सिडीज इस्टेटमध्ये डिकीत मागे तोंड करून बसायच्या मुलांच्या सीटा मिळत. मुलांना त्या फार आवडतात. तरी रोजच्या प्रवासात मी मुलांना तिथे बसवणार नाही, कारण मागून धडक बसली तर त्यांच्या आणि धडकेच्या मध्ये फारच थोडी जागा उरते.

इंजिनाबद्दल आपल्या लेखात आलंच आहे, मी दोनच गोष्टी जोडते. डिझेल इस्टेट फक्त शाळा-बाजार अशा छोट्या फेऱ्यांसाठी घेऊ नका, धुराचा फिल्टर काजळीने तुंबतो. आणि टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेतले शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते कळतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी जुन्या टायरवर भरलेली गाडी नेऊ नये.

लेखकाला एक विनंती. लेखाच्या पुढच्या भागात तपासणीची यादी छापणार असाल, तर दाराच्या वायरिंगला आणि सीटच्या खिटीला तिच्यात जागा द्या. हवी असल्यास मी माझी यादी पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक