गुडघेदुखीच्या शिबिरात खुबाही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीच्या तोंडावर मराठवाड्यात गावोगाव गुडघेदुखीची शिबिरे भरतात. ‘टोंगळा धरलाय’ म्हणत आलेल्याला खुर्चीवर बसवायचे, गुडघा दाबून पाहायचा, गोळ्या नि पट्टा देऊन पुढच्याला हाक मारायची, असा तिथला खाक्या. त्यात खुब्याच्या सांध्याची झीज हमखास निसटते. खुबा आणि गुडघा या दोहोंना एकाच नसेचे फाटे जातात. त्यामुळे खुबा झिजला तरी कळ जांघेतून मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यावर उतरते. काहींचा तर नुसता गुडघाच दुखतो. मग गुडघ्याचा एक्स-रे बरा येतो आणि घरचे म्हणतात, म्हातारीला काम नको झालंय.

दुखणे खुब्याचे की गुडघ्याचे, हे हालचाल पाहिली की बरेचसे कळते. खुब्यात बहुधा सर्वांत आधी जाते ती मांडी आत वळवण्याची हालचाल. पुढे पाय पोटाकडे घेणे आणि मागे नेणेही आखडत जाते. पायाची नखे कापताना हात पोचत नाही, पायजम्यात पाय घालायला भिंत धरावी लागते, मांडी घातली की एका बाजूचा गुडघा वरच राहतो, मोटारसायकलवर टांग टाकवत नाही. या तक्रारी एकत्र आल्या की खुब्याचाच संशय घ्यावा.

‘चालता तर चांगलं येतं, मग खाली बसायलाच काय होतं?’ हा प्रश्न सुनांकडून फार येतो. सपाट रस्त्यावर चालायला खुबा पुढे ३० आणि मागे १० अंश हलला तरी भागते. खुर्चीत बसायला ९० लागतात. खुरपणीची पात धरायला किंवा शौचाला उकिडवे बसायला मात्र ११५-१२० अंशांच्या आसपास दुमड हवी, आणि झिजलेल्या सांध्यात नेमकी तीच उरत नाही. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या पाहण्यांत खुब्याची झीज शेतकऱ्यांत जास्त आढळली आहे. आपल्याकडे तर निम्मी शेती उकिडवे बसूनच होते.

चालीतही फरक पडतो, फक्त बघणारा हवा. पाय मागे पुरेसा जात नाही, म्हणून पाऊल आखूड पडते. ती उणीव कंबर वाकून भरून काढते आणि संध्याकाळी कंबरच ठणकते. एका पायावर उभे राहिले की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, कारण कमरेचा तोल धरायला बाजूचे स्नायू जोरात ओढतात. तो ओढा कमी करायला माणूस दर पावलाला दुखऱ्या बाजूकडे झुकतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काठी, पण ती चांगल्या बाजूच्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. तिथे तिचा उपयोग फार थोडा. सरळ उभे राहून हात सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी आणि खाली रबरी टोपण असावे. पिशवी किंवा कळशी मात्र उलट, दुखऱ्या बाजूला घ्यावी आणि तीही हलकी. एसटीत चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. झोळ पडलेली बाज सोडून १८ ते २० इंच उंचीच्या ताठ पलंगावर झोपावे. रोज दोनदा दहा मिनिटे पालथे पडून राहावे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा खुबा दुमडलेलाच आखडतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

स्टेरॉइडच्या सुया मात्र ऊठसूट घेऊ नयेत. त्यांनी खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, दारूनेही. तिशी-चाळिशीतला माणूस जांघ धरून लंगडत असेल तर झीज म्हणून न सोडता एमआरआय करावा. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल तर आमवाताची तपासणी करावी.

शिबिर भरवणाऱ्यांना विनंती एवढीच, की तपासायला एक सपाट टेबल ठेवा. रुग्णाला उताणे झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात दुमडा, गुडघा जागेवर धरून पाऊल हळू बाहेर न्या. जांघेत कळ आली किंवा पाऊल १५ अंशही सरकले नाही, तर एक्स-रे खुब्याचा काढायला सांगा. दोन्ही बाजू ताडून पाहिल्या तरी दोन मिनिटांच्या वर लागत नाहीत. आणि तालुक्याच्या बसस्थानकांवर, तहसिलांत एक तरी कमोड नि शेजारी भिंतीला दांडी बसवावी. खुबा आखडलेली कित्येक म्हातारी माणसे केवळ या एका अडचणीपायी प्रवासाच्या दिवशी पाणीसुद्धा पीत नाहीत.

– एक फिजिओथेरपिस्ट, परभणी