माहितीपर पुस्तकांचे परीक्षण जाणकारांकडे द्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले पुस्तकांचे पान मी नियमितपणे वाचतो. कथा, कादंबरी आणि कवितासंग्रह यांच्यावर तिथे येणारे लेखन बहुतेक वेळा विचारपूर्वक केलेले असते आणि जे पटले नाही तेही त्यात स्पष्ट सांगितलेले असते. विज्ञान, खेळ, प्रवास आणि मानसिक आरोग्य या विषयांवरच्या पुस्तकांच्या वाट्याला मात्र आठ-दहा ओळीच येतात आणि त्याही मलपृष्ठावरच्या मजकुराहून फारशा निराळ्या नसतात. पुस्तकात दिलेली माहिती बरोबर आहे की नाही, हे कोणी तपासल्याचे त्यांतून दिसत नाही.

मी देवगड तालुक्यातल्या एका शासनमान्य वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर काम करतो. उभ्या उभ्या चार पाने चाळून पुस्तक निवडता येईल असे दुकान आमच्या जवळपास नाही. समितीच्या बैठकीत आमच्यापुढे प्रकाशकांच्या याद्या आणि आपल्या पानाची कात्रणे एवढेच असते आणि अनुदानातून पुस्तकांसाठी जी रक्कम हाती येते ती त्यांच्या भरवशावर खर्च होते. कादंबरी फसली तर वाचक ती दोन दिवसांत परत आणून देतो, पण चुकीची माहिती असलेले पुस्तक कपाटात वर्षानुवर्षे राहते आणि शाळेतली मुले त्यातले उतारे प्रकल्पवहीत उतरवून घेत राहतात.

आमच्या तालुक्यातलेच उदाहरण देतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते छापलेलेही आढळते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिले. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातली तेजस्वी पिवळी रेषा त्या दिवशी अनेक निरीक्षकांना दिसली, पण ती सोडियमचीच असावी असा समज झाला. पुढे 20 ऑक्टोबर 1868 रोजी, ग्रहण नसताना, लॉकियर यांनी इंग्लंडमधूनच त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या जवळ असली तरी त्यांच्याशी जुळत नाही, हे मोजणीतून ठरले आणि तोवर पृथ्वीवर न सापडलेल्या एखाद्या मूलद्रव्याची ती असावी, या मतापर्यंत ते आले. पृथ्वीवर हा वायू, म्हणजेच हेलियम, विल्यम रॅम्झे यांना 1895 साली युरेनियमयुक्त खनिजातून मिळाला. लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले ते त्यानंतर, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना हाताशी धरून त्यांनी तिथे निरीक्षणे केली. ओट्यांचा संबंध या मोहिमेशी जोडणेच मला अधिक सयुक्तिक वाटते. या हकिकतीने विजयदुर्गला काडीचाही कमीपणा येत नाही, उलट एका शोधाला किती माणसे, किती ठिकाणे आणि किती वर्षे लागतात ते मुलांना कळते. खगोलशास्त्राच्या जाणकाराने पुस्तक वाचले असते तर ही चूक त्याच्या नजरेतून सुटली नसती.

विज्ञानाच्या पुस्तकातली अशी चूक कोणाच्या जिवावर बेतत नाही. मानसिक आरोग्यावरच्या पुस्तकांबाबत तसे म्हणता येणार नाही. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला आहे, तरीही तिथली पायरी चढताना कोणी पाहील या धास्तीने माणसे आधी पुस्तकाकडे वळतात. अशी पुस्तके नेताना घरातल्या दुसऱ्या सभासदाच्या नावावर नोंद करा, असे सांगणारे वाचक मी पाहिले आहेत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, त्रास मात्र अनेकांना आधी जाणवतो. नेमक्या त्याच दिवसांत ‘मनाचा निर्धार असेल तर औषधांची गरज नाही’ असे एखाद्या पुस्तकात वाचून वाचकाने गोळ्या परस्पर बंद केल्या, तर त्याचे परिणाम त्याला आणि त्याच्या घरच्यांना भोगावे लागतात. डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये हे पुस्तकात सांगितले आहे का, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते ही माहिती आहे का, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती म्हणून पाहतो, याची लेखकाला जाणीव आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञ लगेच पाहील. भाषा ओघवती आहे, एवढ्या शेऱ्यावर असे पुस्तक घेणे मला धोक्याचे वाटते.

प्रवासावरच्या पुस्तकांकडून आमच्या अपेक्षा साध्या आहेत. कोकणातली कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आल्यापासून त्यांच्याविषयी विचारणा वाढली आहे. ही शिल्पे उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर आहेत, तेव्हा त्यांच्यावर पाय देऊ नये, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू ओढू नये, हे पुस्तकाने सांगितलेच पाहिजे. परीक्षणात कागदाचाही उल्लेख असावा, कारण गुळगुळीत कागदावर छापलेल्या महागड्या पुस्तकांची पाने आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात एकमेकांना चिकटतात आणि सोडवू गेले की छायाचित्रांसकट निघून येतात.

खेळांच्या बाबतीत क्रिकेटपटूंच्या चरित्रांना तोटा नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले आणि त्यानंतर आमच्याकडची मुले खो-खोच्या डावपेचांवरचे पुस्तक मागू लागली. खेळाच्या मानसशास्त्रावर म्हणून जे अनुवाद येतात, त्यांत कधी कधी बेसबॉलची उदाहरणे जशीच्या तशी ठेवलेली असतात आणि ती आमच्या मुलांना उलगडत नाहीत. मैदानावर मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे असे पुस्तक दिले, तर त्यातले काय उपयोगी पडेल ते तो चार वाक्यांत सांगेल.

1832 साली ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्या पोंभुर्ल्याचे. 1840 मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले आणि त्यातून शास्त्रीय विषय मराठी वाचकांपुढे मांडले, हे मी अभिमानाने नमूद करतो. मराठी पत्रकारितेचा हा वारसा आपल्या दैनिकाकडेही आहे.

तेव्हा माझी विनंती अशी की महिन्यातून निदान एका माहितीपर पुस्तकाचे सविस्तर परीक्षण त्या विषयात प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीकडून लिहून घ्यावे. अशी माणसे मुंबई-पुण्यातच शोधावी लागतील असे नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ, रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय, तालुक्यातले डॉक्टर आणि क्रीडाशिक्षक यांच्यात ती सापडतील. परीक्षणात पुस्तकाची किंमत, संदर्भांची आणि शब्दांची सूची आहे की नाही, अनुवाद असल्यास मूळ पुस्तक कोणत्या वर्षीचे, हेही यावे आणि आढळलेल्या चुका पानांच्या क्रमांकासह द्याव्यात, म्हणजे पुस्तक आधीच घेतलेले असेल तर आम्हाला त्यात दुरुस्तीची चिठ्ठी लावता येईल. आमच्या खरेदीची यादी मार्चअखेरच्या आत पक्की करावी लागते. हिवाळ्यापासून ही परीक्षणे सुरू झाली, तर येत्या यादीसाठीच आम्हाला त्यांचा उपयोग होईल.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक
(देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग)