मंत्रीमहोदय, खाजेला आजार म्हणा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. एकवीस वर्षं झाली काउंटरमागे उभा आहे. या वर्षांत मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य एकच, "भाऊ, खाजेची ट्यूब द्या." खाज कशाची, कधीपासूनची, हे ना गिऱ्हाईक सांगत, ना आम्ही विचारत.

आधी माझी चूक सांगतो. चिठ्ठी न मागता मीही अशा ट्यूबा विकल्या. जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकाच ट्यूबेत. दोन दिवसांत आराम पडायचा, माणूस दुवा देऊन जायचा आणि महिन्याभरानं दुप्पट पसरलेला नायटा घेऊन परत यायचा. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं बरीच स्टेरॉइड मलमं परिशिष्ट एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. मी मात्र कायद्याला भिऊन थांबलो नाही. माझ्या धाकट्या लेकीमुळे थांबलो.

ती सहा महिन्यांची असताना गाल लाल झाले. पुढं कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत चट्टे उठले. रात्री तिच्या हातात मोजे घालून निजवायचो, तरी सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. आई म्हणायची, अंगात उष्णता आहे. वांगं बंद झालं, अंडं बंद झालं. एकानं खरजेचं औषध लावायला दिलं, दुसऱ्यानं इंजेक्शन टोचलं. चार वर्षं अशी गेली. माझ्या घरात औषधांची कपाटं भरलेली होती आणि माझं लेकरू रात्रभर अंग ओरबाडत होतं.

शेवटी दूरच्या शहरात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. आजाराचं नाव अटॉपिक डर्मटायटिस, आपण ज्याला इसब म्हणतो त्यातलाच एक प्रकार. त्या चित्रात जे होतं ते आपल्यापर्यंत पोहोचावं, म्हणून हे पत्र.

कातडीचा वरचा थर म्हणजे मातीनं लिंपलेली भिंत समजा. काहींची ही भिंत जन्मापासूनच कच्ची असते. तिला घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष या आजाराशी जोडलेला असल्याचं २००६ मध्ये समोर आलं. भिंतीला भेगा पडल्या की कातडीच्या पेशी टीएसएलपी नावाचं संदेशवाहक प्रथिन सोडतात. ती धोक्याची हाक ऐकून रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१३, इंटरल्यूकिन-३१ अशी प्रथिनं सोडू लागतात. पहिली दोन आधीच कच्ची असलेली भिंत आणखी पोखरतात. इंटरल्यूकिन-३१ तर थेट मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतं. २००४ मध्ये त्याचा शोध लागला. ज्या उंदरांच्या अंगात ते जास्त तयार होईल असं केलं, ते उंदीर खाजवून खाजवून जखमी झाले. ४ आणि १३ ही दोन्हीही खाजेच्या मज्जातंतूंना चेतवतात, हे २०१७ मध्ये कळलं. खाजवलं की भिंतीला नवी भेग पडते, आणि नव्या भेगेतून पुन्हा तीच हाक जाते.

हे चित्र पाहिलं आणि मला माझ्याच दुकानातलं कपाट आठवलं. आमच्याकडं खाजेची गोळी म्हणजे सेट्रिझिन. ती हिस्टामिनला अडवते. गांधी उठली, पित्त उठलं, तर तिचा चांगला गुण येतो. पण इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसतेच. दार एक वाजतंय आणि आपण कुलूप दुसऱ्याला लावतोय. माय बिचारी सांगते, "गोळी देते रोज, पण गुण नाही." चूक तिची नाही आणि लेकराचीही नाही.

मराठवाड्यात या आजाराचे हाल आणखी वाढतात. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा थर अंगावर तसाच राहतो. टँकरच्या दिवसांत तर आंघोळच मोजून होते. उन्हाळ्यात घाम, थंडीत कोरडी हवा. त्यात बांधाबांधावर गाजरगवत. त्याच्या संपर्कानं शेतकऱ्यांच्या मानेवर, चेहऱ्यावर, हातांवर जाड, काळपट, सतत खाजणारे चट्टे येतात. तोही प्रतिकारशक्तीचाच बिघाड, जात वेगळी. पण तो माणूसही माझ्याकडं येऊन तीच ट्यूब मागतो.

एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तांड्यावरचा, नऊ-दहा वर्षांचा. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. शाळेत त्याला वेगळं बसवलं, कारण खरूज आहे असा समज. खरूज लागते, इसब लागत नाही. एवढा फरक सांगणारं कुणी जवळ नव्हतं. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा त्याची आई दुकानात आली आणि सहा महिने पुरेल एवढं मलम मागू लागली. तिच्या हातात एक ट्यूब होती, पंधरा ग्रॅमची.

मंत्रीमहोदय, इसबाच्या लेकराला नुसतं अंग मऊ ठेवणारं मलम आठवड्याला किमान पाव किलो लागतं. पांढरं पेट्रोलियम जेली असो की लिक्विड पॅराफिनचं क्रीम, त्यात नवल काही नाही. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच ते चोपडायचं. उपचाराचा पाया तोच आहे, भिंतीचं लिंपण. माझी मुलगी आज रात्री झोपते, त्यात या लिंपणाचा वाटा मोठा. सोबत मोजून-मापून दिलेलं साधं स्टेरॉइड आणि चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम. स्टेरॉइड वाईट नाही. आंधळेपणानं दिलेलं वाईट. म्हणून पहिली मागणी हीच: हे मलम प्राथमिक आरोग्य केंद्रातून डब्यानं मोफत मिळावं, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला निघण्याआधी पूर्ण हंगामाचं एकदम मिळावं.

दुसरं, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस त्वचारोगाची ओपीडी भरवा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगर इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथले डॉक्टर आळीपाळीनं येऊ शकतील. वैद्यकीय शिक्षण खातं वेगळं आहे हे मला माहीत आहे. पण रुग्णाला दोन खात्यांमधला फरक कसा कळावा? आणि हा दिवस बाजाराचा ठेवा. त्या दिवशी खेड्यातली माणसं तशीही गावात येतात, त्यांची मजुरी बुडत नाही.

तिसरी मागणी मोठी आहे, तरी मांडतो. काही रुग्णांना मलमानं भागत नाही. त्यांच्यासाठी आता या प्रथिनांचाच मार्ग रोखणारी औषधं निघाली आहेत. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा संदेश अडवणाऱ्या डुपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ३१ चा संदेश पेशी ज्या ठिकाणी घेते ती जागा (ग्राही) झाकणाऱ्या नेमोलिझुमॅब या इंजेक्शनला जपाननं २०२२ मध्ये मान्यता दिली. त्याच्या आधी काही वर्षं, ३१ वरचं इंजेक्शन परदेशात खाजऱ्या कुत्र्यांसाठी बाजारात आलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पेशीच्या आत जेएके नावाच्या विकरांवरून हे संदेश पुढं जातात. त्यांना रोखणाऱ्या गोळ्याही आहेत, मात्र त्या सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी हवीच. इंजेक्शनं शेतमजुराच्या आवाक्याबाहेरची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे, आणि खाजेसाठी कुणी भरती होत नाही. तज्ज्ञांची समिती नेमा, अतितीव्र रुग्ण कोण ते त्यांना ठरवू द्या, आणि तेवढ्यांची तरी औषधं योजनेत घ्या.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय मानणारा ठराव केला. आमच्या तालुक्यात तो ठराव एका डब्याच्या रूपानं यावा, एवढंच मागतो.

आमचा बाजार गुरुवारी भरतो. ओपीडी सुरू होणार असेल तर खुर्च्या, टेबल आणि पिण्याच्या पाण्याची सोय मी करीन. लेकरांच्या मायांना हे चित्र काढून दाखवायला दर गुरुवारी दुपारी दुकान बंद ठेवून येईन.

आपला,
एक औषधविक्रेता,
परभणी जिल्हा