वजन घटल्याचा हार आणि त्यानंतरची तीन वर्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वजनावर लेख आला होता. घटवलेलं वजन ज्यांचं परत वाढतं त्यांना जिभेवर ताबा नसतो, असं त्यात सरळ म्हटलंय. मी त्यांच्यातलीच एक, म्हणून हे पत्र. वय ४७, उंची पाच फूट एक इंच, एस.टी.त वाहक म्हणून १९ वर्षं झाली.

जून २०२२ मध्ये माझं वजन ८२ किलो होतं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.१ टक्के. माझी आई मधुमेहानं गेली. आधी डोळे गेले, मग किडन्या. रिपोर्ट हातात आला त्या रात्री मला झोप लागली नाही. तालुक्याच्या गावी एका संस्थेनं ९० दिवसांत वजन घटवण्याची स्पर्धा ठेवली होती, त्यात नाव घातलं. चहातली साखर बंद, रात्रीची भाकरी बंद, ड्युटी संपली की स्टँडवरून घरी रोज पाच किलोमीटर चालत. ९० दिवसांत १० किलो उतरले, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आणखी ९. काट्यावर ६३ दिसलं तेव्हा मी रडले. समारंभात हार घातला, माझा फोटो त्यांच्या बोर्डावर लागला. खाकी गणवेश टेलरकडून आत घेऊन आणला.

आज माझं वजन ७७ आहे. त्याच टेलरनं त्याच शिवणी उसवून दिल्या.

मधल्या काळात काय झालं ते कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. निश्चय संपला नव्हता. आठ महिने ज्या बाईनं दाखवला तिचा निश्चय नवव्या महिन्यात कुठे जाईल? बदललं होतं शरीर. भर एप्रिलात, सोलापूरच्या उन्हाळ्यात, पहाटेच्या पहिल्या गाडीला मी स्वेटर घालून उभी असायची, इतकी थंडी वाजायची. भूक तर पूर्वी कधी अनुभवलीच नव्हती अशी. जेवून उठले तरी पोटात खड्डा. एखाद्या स्टँडवर भजी तळत असली की सुटे मोजता मोजता हिशेब चुकायचा. रात्री घर झोपलं की मी मोबाईलवर रेसिपींचे व्हिडिओ बघत बसायची, जे पदार्थ जन्मात करणार नाही त्यांचेसुद्धा. हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं मला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या १९४४-४५ सालच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांनाही सतत थंडी वाजायची, डोक्यात अन्नाशिवाय काही नसायचं, आणि काहीजण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करत बसले. ते ऐकलं आणि छातीवरचा दगड उतरला. म्हणजे मी हावरट नव्हते. माझ्या शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटत होतं.

माझी धाकटी जाऊ कायमच ६२-६३ किलोची. मी ६३ वर होते तेव्हा आम्ही एका वजनाच्या, एकाच घरातल्या, दिवसभर राबणाऱ्या. ती दोन वेळा दोन-दोन भाकऱ्या खायची आणि तशीच राहायची. मी दिवसाला दोन खाल्ल्या तरी काटा वर सरकायचा. सगळ्यांना वाटायचं मी चोरून खाते. नवऱ्यानं एकदा तसं बोलूनही दाखवलं. तो शब्द अजून जात नाही. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत भरपूर वजन घटवलेल्या १४ जणांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. १३ जणांचं वजन परत वाढलेलं होतं. आणि त्यांचं शरीर नुसतं बसल्याजागी जेवढी ऊर्जा जाळायला हवी त्यापेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं. आमच्याकडच्या अडीच भाकऱ्यांच्या आसपास. माझ्या आणि जावेच्या ताटातला फरक एवढाच होता, चोरीचा नव्हता.

त्यात भूक उलटी वाढते. घटलेल्या प्रत्येक किलोमागे ती दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. माझे १९ किलो उतरले होते. एवढ्या भुकेशी माणूस महिनाभर भांडेल, सहा महिने भांडेल. मग सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलाची दहावी आली. संध्याकाळचं चालणं आधी एक दिवसाआड झालं, मग सुटलं. हुरड्याच्या दिवसांत भावाच्या शेतावर गेले तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं. ज्या बायका हळदीकुंकवाला ‘किती वाळलीस गं, आजारी दिसतेस’ म्हणत ताटात आग्रहानं पोळी वाढायच्या, त्याच वर्षभरानं ‘परत सुटलीस की’ म्हणाल्या.

मुलीनं आणखी एक गोष्ट दाखवली, ती आम्हा एस.टी.वाल्यांची आहे. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या बसचालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. हे सगळीकडे सांगतात. पण त्यांनीच १९५६ साली गणवेशांची मापं तपासली, तेव्हा चालकांच्या कंबरा नोकरीला लागतानाच मोठ्या होत्या असं दिसलं. म्हणजे माणूस गाडीत चढण्याआधीच त्याच्या शरीरात बरंच ठरलेलं असतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

वजन घटवणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे आली. मला ती परवडत नाहीत. पण तशाच एका औषधाच्या चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. ब्लडप्रेशरची गोळी थांबवली आणि प्रेशर वाढलं तर आपण रुग्णाला आळशी म्हणतो का? वजनाचाही तसाच, आयुष्यभराचा इलाज लागतो. मदत मात्र मिळते पहिले ९० दिवस. मी त्या संस्थेत परत गेले, आता वजन वाढतंय, काय करू, असं विचारलं. पुढच्या बॅचला पुन्हा फी भरा म्हणाले. माझा ६३ किलोचा फोटो अजून त्यांच्या बोर्डावर आहे. काढा म्हणून दोनदा सांगितलं.

माझी मागणी एवढीच आहे. आपल्या वर्तमानपत्रात अशा स्पर्धांच्या बातम्या येतात, हारांसकट फोटो येतात. त्याच माणसांना तीन वर्षांनी गाठून पुन्हा लिहा. आणि सरकारी दवाखान्यात साखर तपासायला येणाऱ्या माणसाला ‘वजन कमी करा’ एवढं सांगून पाठवू नका. उतरवलेलं वजन राखायला दर महिन्याला कुणीतरी त्याच्याशी बोलेल अशी सोय करा.

कमी करून उपयोग नाही असं कुणी यातून वाचू नये. ८२ वरून ७७ म्हणजे पाच किलो अजून टिकलेत, आणि माझी साखर ६.४ आहे, ७.१ नाही. आईच्या वाट्याला हे आलं नव्हतं. दर सोमवारी पहाटे काट्यावर उभी राहते आणि गणवेशाच्या कपाटाच्या दाराला आतून आकडा लिहून ठेवते. स्टँडवरून घरी आठवड्यातले चार दिवस चालत येते. पुढच्या फेब्रुवारीत तो आकडा तुम्हाला कळवीन, काहीही असला तरी.

आपली,
एक एस.टी. वाहक, सोलापूर जिल्हा